शेऱ्याचा रकाना

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या घरी बुटांचा एक खोका आला. खोक्यावर जाड पेनाने ‘मासिक, ९७ ते ०६’ असे लिहिलेले होते. अक्षर माझेच होते. आत रबराने बांधलेल्या सत्तावीस फ्लॉपी होत्या. रबराला हात लावताच ते तुटले.

तालुक्याच्या दूध संस्थांच्या एका संघात मी वीस वर्षे नोकरी केली. १९९२ साली कारकून म्हणून लागलो आणि हिशेबनीस म्हणून बाहेर पडलो. संघाला पन्नास वर्षे होत आली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले. ‘तुम्ही मोडी वाचता, इतिहासाचे काम करता, तेव्हा संघाचा इतिहासही तुम्हीच लिहा’ असा निरोप आला. मला आनंद झाला. मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. एका उन्हाळी वर्गात मोडीची बाराखडी शिकलो आणि पुढचे सगळे कागदांनी शिकवले. अठराव्या शतकातले कागद वाचता येतात, तर स्वतःच्या कचेरीतले वाचायला कितीसा वेळ लागणार, असे मला वाटले.

१९७५ पासून मार्च १९९७ पर्यंतचे मासिक गोषवारे मी तीन दिवसांत वाचून काढले. ते फुलस्केप कागदावर होते. काही शाईने लिहिलेले, काही कार्बनच्या तिसऱ्या प्रतीचे, पुसट. तरीही वाचता आले. एप्रिल १९९७ नंतरच्या नऊ वर्षांचे गोषवारे मात्र त्या खोक्यात होते आणि ते मला वाचता येईनात. ते अशा रीतीने ठेवावेत असे ठरवणारा माणूस मीच होतो.

दर महिन्याचा अहवाल कोणत्या नमुन्यात लिहावा, कशावर लिहावा, कोणत्या साधनाने लिहावा, हा प्रश्न कचेरीत किरकोळ समजला जातो. ‘तक्ता कसाही करा, पण पाच तारखेच्या आत पाठवा,’ असे वरिष्ठ सांगतात. तो ज्याच्यावर सोपवला जातो, तो पुढच्या पन्नास वर्षांत काय वाचता येईल आणि काय येणार नाही हे ठरवत असतो. याची त्याला कल्पना नसते. मलाही नव्हती. आपल्या मुलखातला या प्रश्नाचा थोडा इतिहास आणि त्यात माझ्या चुकीची जागा, असा या लेखाचा विषय आहे.

रुमालातली शिस्त

पेशव्यांचे हुजूर दफ्तर म्हणजे कागदांचा ढीग नव्हता. ती नियतकालिक अहवालांची एक साखळी होती. चालत्या दफ्तराच्या शाखांची नावेच बोलकी आहेत : फड, बेहेडा, सरंजाम आणि एकबेरीज. फडावरून हुकूम आणि सनदा निघत. बेहेड्याकडे महालांचे हिशेब येत आणि त्यांवरून अंदाज बांधले जात. एकबेरजेकडे सगळीकडचे हिशेब येऊन त्यांचे वर्गवार सार निघे. रोजकिर्दीत दिवसाची नोंद, खतावणीत खातेवार नोंद आणि तरजुम्यात वर्षाचा गोषवारा, असा एकच आकडा तीन ठिकाणी तीन रूपांनी दिसे. आज एखाद्या कचेरीत ‘दैनिक, मासिक, वार्षिक’ असे तीन तक्ते मागतात, त्याहून ही मांडणी फार वेगळी नाही.

ही शिस्त साधनातून आली नव्हती. साधने म्हणजे बोरू, शाई, हातकागद आणि बांधायला रुमाल. शिस्त आली ती ठरलेल्या नमुन्यातून. कागद उलगडला की आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जायचे. सुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. तारखेच्या आधी ‘छ’ येतो तो चंद्राचा, म्हणजे चांद्र तिथीचा. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जमा कुठे, खर्च कुठे, ‘पैकी’ कुठे यायचे आणि बाकी कुठे काढायची, हे कारकुनाच्या हातात बसलेले असे. नवशिक्यांसाठी मेस्तके होती. पत्राचे मायने आणि लिखाणाच्या रीती त्यांत सांगितलेल्या असत. म्हणून एका कारकुनाचा कागद दुसऱ्याला वाचता येई आणि अडीचशे वर्षांनी माझ्यासारख्या उपऱ्यालाही वाचता येतो. त्यासाठी मला लिपी शिकावी लागली, पण बोरू विकत घ्यावा लागला नाही.

नमुना किती चिवट असतो याचे एक जुने उदाहरण शिवकाळातच आहे. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. काही रूढ झालेही. पण पुढे पेशवाईच्या हिशेबांत रोजकीर्द राहिली, जमा राहिली, बाकी राहिली. रोज लिहिणाऱ्या हाताला बसलेला रकाना एका कोशाने हलत नाही.

शिस्त मोडते ती वेगळ्याच कारणाने. नाना फडणविसांच्या हाताखाली जे दफ्तर नीटनेटके होते, त्याची दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आबाळ झाली. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा दफ्तराचा कारकुनी ताफा जवळजवळ मोडलेला होता आणि कागद लोक घेऊन जात असल्याचे त्यांनी नोंदवले. नमुना तोच होता, लिपी तीच होती, कागदही तोच. नव्हता तो रोज बसून लिहिणारा आणि लिहिलेले सांभाळणारा माणूस. तरीही जे उरले ते एवढे होते की १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांनी त्यातून पंचेचाळीस खंड काढले. ते कागद आजही पुण्यात आहेत.

एकवीस नमुने

इंग्रजांनी ही पद्धत पुसली नाही, छापली. मुंबई इलाख्यातल्या गावच्या महसुली हिशेबांना क्रमांक मिळाले आणि गाव नमुना १ ते २१ अशी मालिका ठरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँडरसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने या हिशेबांचे मार्गदर्शक पुस्तक तयार केले. जुने तलाठी त्याला नुसते ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणत. नमुना १ म्हणजे आकारबंद, ६ म्हणजे फेरफार, ८-अ म्हणजे खातेदाराचे खाते. नमुना २० तर टपाल तिकिटांच्या हिशेबाचा आहे. नमुना ७ जमिनीच्या हक्कांचा आणि नमुना १२ पिकांचा. हे दोन एका कागदावर आले आणि मराठीला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला. एका सरकारी अहवालाचा क्रमांक भाषेचा वाक्प्रचार व्हावा, ‘तुझ्या नावावर सातबारा आहे का’ असे माणसाने माणसाला विचारावे, एवढे यश फार थोड्या नमुन्यांना मिळाले असेल.

या नमुन्यांचे रकाने कोणा एकाच्या सोयीचे नव्हते. तलाठ्याने लिहायचे, मंडळ निरीक्षकाने तपासायचे, तहसीलदाराने बेरीज घ्यायची आणि शेतकऱ्याने नक्कल मागायची, असे चार वाचक एका कागदाला होते. बहुतेक छापील तक्त्यांत शेवटी, उजव्या हाताला, एक अरुंद जागा ठेवलेली असे. शेरा. आकड्यात न मावणारे जे काही असेल त्यासाठी.

आमच्या संघाचा मासिक गोषवारा याच घराण्यातला होता. त्यात अकरा रकाने : अनुक्रमांक, गाव, सभासद, दूध घालणारे सभासद, गाईचे दूध, म्हशीचे दूध, सरासरी फॅट, रक्कम, पशुखाद्याची उचल, येणे बाकी आणि शेरा. गावे अठ्ठावन्न. संघाच्या पहिल्या हेडक्लार्कने हा नमुना आखला होता, आणि त्याचा एक नियम होता. गावाचा अनुक्रमांक कधी बदलायचा नाही. संस्था बंद पडली तरी तिची ओळ मोकळी ठेवायची. मी लागलो तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता.

चौकटीचा कागद पडद्यावर

रकान्यांचा कागद संगणकावर आला तो १९७९ साली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी ॲपल २ या यंत्रासाठी व्हिजिकॅल्क तयार केले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या बेरजा आपोआप बदलत. ज्याने कधी अठ्ठावन्न गावांची बेरीज तीनदा केली आहे आणि तीनदा वेगळी आली आहे, त्याला या चमत्काराची किंमत कळेल. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले. १९८५ साली मॅकिन्टॉशसाठी आणि १९८७ साली विंडोजसाठी एक्सेल आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही ‘कॉम्प्युटर क्लास’ची पाटी लागली. आत वर्डस्टार, लोटस आणि डीबेस शिकवत.

प्रश्न मराठीचा होता. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. भारतीय लिप्यांसाठी असे क्रमांक ठरवणारे इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून आले. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरच बेतलेली होती. म्हणजे शहाणी माणसे वेळेवर जागी होती. पण मानक कागदावर येणे आणि ते टेबलावरच्या यंत्रात येणे यांत मोठे अंतर असते. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी मंगल फॉन्टसह आली ती विंडोज २००० मध्ये. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले ते २००९ मध्ये.

मधल्या काळात सगळ्यांनी एक युक्ती वापरली. यंत्राला इंग्रजीच माहीत होती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. अर्धा स, काना, वेलांटी, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. पडद्यावर आणि छपाईत सुंदर मराठी दिसे. यंत्राच्या पोटात मात्र मराठीचे एक अक्षरही नसे. शिवाय प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची बसवणूक वेगळी. तो फॉन्ट काढून घेतला की उरे ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

१९९७ सालची निवड

संघात संगणक आला आणि मासिक गोषवारा त्यावर घेण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, डीबेसमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. ती टिकाऊ होती, पण आमच्या संचालकांना इंग्रजी तक्ता नको होता. दुसरी, शब्दलेखनाच्या साधनात तक्ता आखायचा आणि बेरजा हाताने करायच्या. तिसरी, स्प्रेडशीटमध्ये मराठी फॉन्ट लावायचा. बेरजा आपोआप, छपाई देखणी. मी तिसरी निवडली. त्यात आजही मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. त्या वेळी कोणीही तेच केले असते.

लाज वाटते ती पुढच्या दोन गोष्टींची. अकरा रकाने आडव्या कागदावर मावत नव्हते. शेऱ्यात कधी दोन शब्द येत, कधी चार ओळी. ओळीची उंची वाढे, छपाई दोन पानांवर जाई आणि खालची बेरीज तुटे. शेऱ्याची बेरीजही होत नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी तो रकाना काढून टाकला. कोणी विचारले नाही. आणि वर्ष संपल्यावर छापील प्रत बांधून ठेवण्याचे बंद केले, कारण ‘आता सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे’. दर चार महिन्यांना एक फ्लॉपी, अशा नऊ वर्षांत सत्तावीस फ्लॉपी झाल्या. २००६ मध्ये नवे यंत्र आणि नवे तयार सॉफ्टवेअर आले. जुने यंत्र भंगारात गेले आणि त्याच्याबरोबर फॉन्टही.

सात बारा म्हणजे सात डिसेंबर

साधन आपल्या सोयीसाठी असते खरे, पण त्याच्याही काही समजुती असतात आणि तो त्या आपल्या अहवालात गुपचूप घालतो. एक्सेलच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत ७/१२ लिहून पाहा. तो त्याची तारीख करून टाकेल : यंत्राच्या मांडणीप्रमाणे सात डिसेंबर किंवा बारा जुलै. गट क्रमांकांच्या याद्या अशाने बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. ही केवळ आपली तक्रार नाही. माणसाच्या काही जनुकांची नावे एक्सेलला ‘मार्च’ आणि ‘सप्टेंबर’ वाटत. संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत. शेवटी एक्सेल बदलण्याऐवजी जनुकांची नावे बदलण्यात आली आणि २०२० साली तसे नवे नियम प्रसिद्ध झाले.

त्याच साली इंग्लंडमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाइलींत येत. ते एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतून रोजचा अहवाल तयार होई. त्या जुन्या साच्यात एका तक्त्याला ६५,५३६ ओळींची मर्यादा होती आणि एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. मर्यादा संपली, पुढच्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नावे दैनिक अहवालात आलीच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना सावध करायला उशीर झाला. साच्याची नवी आवृत्ती २००७ पासून उपलब्ध होती आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक ओळी मावत. कोणीतरी कधीतरी एक साचा निवडला होता आणि तो पुन्हा कोणी तपासला नव्हता, एवढेच.

अहवालाचा नमुना निवडताना आपण आजच्या वाचकाचा विचार करतो. साहेब, संचालक, तपासनीस. तीस वर्षांनी तो कागद ज्याच्या हातात पडेल तो वाचक तेव्हा खोलीत नसतो. त्याच्या वतीने कोणीतरी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे साधन नाहीसे झाले तर मजकूर उघडेल का? आणि जे आकड्यात बसत नाही त्याला जागा आहे का? पहिल्याची उत्तरे आज सोपी आहेत. मराठी युनिकोडमध्ये लिहावे. आकडे साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलीत ठेवावेत, ती कोणत्याही यंत्रावर उघडते. सही-शिक्क्याची प्रत पीडीएफ/ए या जतनासाठीच्या प्रकारात ठेवावी, कारण त्यात फॉन्ट कागदाबरोबरच बांधलेला असतो. आणि वर्षातून एकदा एक प्रत छापून बांधावी. दुसऱ्या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही.

खोका उघडल्यावर

सत्तावीसपैकी सोळा फ्लॉपी उघडल्या. अकरा गेल्या त्या गेल्याच. उघडलेल्या चौसष्ट महिन्यांत आकडे स्वच्छ होते, पण गावांच्या जागी खिचडी होती. कोण्या एका गावाचे दूध महिन्यात निम्म्यावर आले होते, पण ते गाव कोणते हे कळायला मार्ग नव्हता. मग पहिला रकाना दिसला. अनुक्रमांक. मी सवयीने तो तसाच ठेवला होता. १९७५ चा शाईचा कागद शेजारी घेतला आणि एकेक गाव ओळीवर परत आले. ज्या नियमाला मी वेडेपणा म्हटले होते, त्यानेच माझे काम वाचवले.

हा शोध लागल्याच्या आनंदात मी गावोगाव फिरलो. एका गावच्या महिला संस्थेच्या जुन्या सचिव, आता सत्तरीच्या पुढच्या, ओट्यावर बसून माझा तक्ता बघत होत्या. २००३ चा दुष्काळ त्यांच्या भागात फार कडक होता.

“भाऊ, त्या सालच्या जूनचं काय लिवलंय आमच्या गावाचं?”

“अक्का, तुमचं दूध एकशे चाळीस लिटरांवरून एकोणतीसवर आलं.”

“ते तर कुनालाबी दिसतंय. का आलं, ते मी लिहून धाडलं हुतं. कुनाची जनावरं छावणीला गेली, कुनी बाजारात इकली, नावानिशी. दर महिन्याला धाडत हुते मी. ते हाय का?”

त्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर येत होत्या. मला आठवतात. रकाना नव्हता, म्हणून मी त्यातला आकडा तेवढा भरत असे आणि चिठ्ठी टाचणीला लावत असे. महिनाअखेरीला टाचणी रिकामी करायची असे.

“नाही अक्का. ते ठेवलं नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. चहा झाल्यावर मी निघालो.

स्मरणिकेत २००३ सालचा तक्ता मी अकरा रकान्यांचा छापला. शेवटचा रकाना कोरा ठेवला आणि त्याच्या प्रती अठ्ठावन्न गावांच्या जुन्या सचिवांना किंवा त्यांच्या घरच्यांना पाठवल्या. आठवत असेल ते लिहून पाठवा, अशी विनंती केली. जे येईल त्यापुढे ‘आठवणीवरून, २०२४’ असे लिहून ते वेगळे बांधायचे ठरवले आहे, कारण आठवण आणि त्या वेळची नोंद एक नव्हेत. आतापर्यंत एकवीस गावांची पत्रे आली. पहिले पत्र अक्कांचे होते. चार ओळी, सात नावे आणि खाली सही.